खून खटल्यात ‘सौदा’ झाल्याची बातमी आल्यावर काय तपासावे आणि कुठे बोलावे

रात्री अकराच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश येऊन पडला: ‘खुन्याशी सरकारने सेटलमेंट केली, आता तो सुटणार.’ दहा मिनिटांत गट पेटला. एकाने मेणबत्ती मोर्चाची तारीख सुचवली, दुसऱ्याने न्यायाधीशांना सामूहिक पत्र पाठवण्याचा मसुदाच टाकला आणि तिसरा आरोपीच्या वकिलाचे कार्यालय कुठे आहे, याची चौकशी करू लागला. सकाळी वर्तमानपत्रातली बातमी नीट वाचली, तेव्हा कळले की एका सहआरोपीने माफीचा साक्षीदार होण्यासाठी अर्ज केला होता आणि त्यावर सरकारी वकिलांचे म्हणणे मागवून न्यायालयाने पुढची तारीख दिली होती. सौदा तर राहोच, अर्जावर निर्णयही झालेला नव्हता. अशा बातमीवर संताप येणे गैर नाही; पण तो योग्य दारावर नेऊन पोहोचवायचा असेल, तर आधी नेमके काय घडले आहे हे शोधावे लागते. ते कसे शोधावे, यासाठी हे टिपण.

पहिली गोष्ट कलम पाहण्याची. ‘प्ली बार्गेनिंग’, म्हणजे गुन्हा कबूल करून त्या बदल्यात शिक्षेत सवलत घेण्याची तडजोड, आपल्याकडे कायद्याने ५ जुलै २००६ पासून आली. ती आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २६५-अ पासून पुढे होती आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. ज्या गुन्ह्याला मृत्युदंड, जन्मठेप किंवा सात वर्षांहून अधिक शिक्षा सांगितली आहे, त्याला ही तरतूद लागूच होत नाही. महिलांविरुद्धचे आणि मुलांविरुद्धचे गुन्हेही तिच्यातून वगळलेले आहेत. खुनाला, मग तो जुन्या कलम ३०२ खालचा असो वा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खालचा, मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे. तेव्हा मुंबईतल्या एखाद्या खून खटल्यात ‘प्ली डील झाली’ असे कोणी म्हणत असेल, तर तो दुसऱ्याच कशाला तरी ते नाव देत आहे, असे समजून चालावे. खुनाचा गुन्हा दोन्ही पक्षांनी आपसांत मिटवून टाकण्याजोगाही नाही. मृताच्या नातेवाइकांनी पैसे घेऊन ‘आमची तक्रार नाही’ असे लिहून दिले, तरी खटला बंद होत नाही.

मग ते दुसरे काय असते? बहुतेक वेळा ती माफीच्या साक्षीदाराची बातमी असते. गुन्ह्यात सामील असलेल्या एकाने सगळे खरे आणि पूर्ण सांगायचे, या अटीवर न्यायालय त्याला माफी देते (फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम ३०६ व ३०७, नागरिक सुरक्षा संहितेचे नवे ३४३ व ३४४). मुंबईकरांना हे नवे नाही. शीना बोरा हत्या प्रकरणात २०१५ साली अटक झालेला गाडीचालक २०१६ मध्ये माफीचा साक्षीदार झाला, तेव्हाही ‘गळा दाबताना मदत करणारा सुटतो कसा’ हा प्रश्न लोकलच्या डब्यात ऐकू येत होता. प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तराचे तीन भाग बहुधा कोणी सांगत नाही. ज्याला माफी मिळाली तो आधीपासून जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच राहावे लागते. त्याने काही दडवले किंवा खोटे सांगितले, तर सरकारी वकिलांच्या प्रमाणपत्रावरून त्याच्यावर मूळ गुन्ह्याचा खटला चालवता येतो. शिवाय त्याच्या एकट्याच्या शब्दावर न्यायालय सहसा विसंबत नाही, त्याला महत्त्वाच्या तपशिलांत स्वतंत्र दुजोरा लागतो. गांधीहत्येच्या खटल्यात दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार होता. सावरकरांविषयीच्या त्याच्या साक्षीला स्वतंत्र पुरावा मिळाला नाही, म्हणून फेब्रुवारी १९४९ च्या निकालात सावरकर निर्दोष ठरले. त्यामुळे अशी बातमी आल्यावर विचारायचा खरा प्रश्न हा, की या माणसाच्या साक्षीशिवाय सरकार पक्षाकडे काय आहे, आणि गुन्ह्यातला मुख्य माणूसच तर माफी घेऊन बाजूला होत नाही ना. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर ओरड करण्यास पुरेपूर जागा आहे.

दुसरी शक्यता म्हणजे आरोपीने भर न्यायालयात गुन्हा कबूल केला, एवढीच. यात सौदा नसतो. २६/११ च्या मुंबई हल्ल्यातल्या अजमल कसाबने २० जुलै २००९ रोजी ऑर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात अचानक कबुली दिली, तेव्हा ‘आता फाशीतून सुटण्याची सोय केली’ असे बोलणारे कमी नव्हते. न्यायालयाने ती कबुली नोंदवून घेतली आणि खटला पुढे चालूच ठेवला. मे २०१० मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात ती अमलात आली. कबुलीवरून लगेच दोषी ठरवायचे की पुरावा ऐकायचा, हे न्यायाधीशांच्या विवेकाधीन असते.

खरा सौदा पाहायचा असेल तर तोही याच हल्ल्याच्या संदर्भात आहे, फक्त तो मुंबईत झालेला नाही. २६/११ च्या हल्ल्यासाठी शहराची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीने मार्च २०१० मध्ये शिकागोच्या न्यायालयात गुन्हे कबूल केले आणि त्या कराराने त्याला मृत्युदंडही टळला व भारताकडे प्रत्यार्पणही टळले. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. १६६ माणसे गेलेल्या शहराला हा हिशेब पटणे अवघडच होते आणि मला तो आजही पटत नाही. पण त्याच हेडलीला डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने याच हल्ल्यातला आरोपी अबू जुंदाल याच्या खटल्यात माफीचा साक्षीदार केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने व्हिडिओद्वारे साक्ष दिली, हेही त्याच हिशेबात धरावे लागते. अमेरिकेच्या कायद्यात सरकारी वकील खुनाच्या खटल्यातही असा करार करू शकतो, आपल्याकडचा करू शकत नाही. तिकडच्या बातमीचे शब्द इकडच्या खटल्याला चिकटवले की गोंधळ होतो तो इथेच.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे ठिकाण मात्र वेगळेच आहे, आणि त्याची बातमी फार तर दोन ओळींची येते. आपल्याकडे सौदा होण्याची भीती असेल, तर ती कलम ठरण्याच्या वेळी असते. समजा, रात्री भरधाव गाडीने फुटपाथवरच्या माणसाला चिरडले. पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लावले, तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेपेपर्यंतचीही शिक्षा होऊ शकते आणि तडजोडीचा रस्ता बंद असतो. आरोपनिश्चितीच्या वेळी तेच कलम उतरून निष्काळजीपणाने मृत्यूचे १०६(१) झाले, तर कमाल शिक्षा पाच वर्षांची उरते आणि तडजोडीचे दार उघडते. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या आरोपीला अशा तडजोडीत सहाव्या हिश्श्याइतकी शिक्षा देता येते, म्हणजे साठ महिन्यांचे दहा महिने. निकालावर नेहमीचे अपीलही नसते, फक्त उच्च न्यायालयात रिट किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती अर्ज करता येतो. म्हणून कलम उतरवण्याचा अर्ज कोणी केला, सरकारी वकिलांनी त्याला विरोध केला की ते गप्प बसले, हे रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याच्या न्यायालयीन नोंदीत, पाहावे. त्या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देता येते आणि मोर्चाची उपयुक्त वेळ असेल तर ती ही, निकालानंतरची नव्हे. याच टप्प्यावर मृताच्या नातेवाइकांना उपयोगाची एक गोष्ट सांगावी: तडजोडीची बैठक पीडित पक्षाला नोटीस दिल्याशिवाय होत नाही, आणि नुकसानभरपाई व शिक्षा यांविषयी त्यांना तिथे आपले म्हणणे मांडता येते.

रोजनामा पाहणे वाटते तितके अवघड नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) घातला की मागच्या तारखांना काय झाले आणि पुढची तारीख कोणती, हे दिसते. क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावावरूनही शोधता येते. वेळ असेल तर फोर्टात जुन्या सचिवालयाच्या इमारतीतल्या सत्र न्यायालयात स्वतः जाऊन बसावे. फौजदारी खटले, काही अपवाद सोडल्यास, खुल्या न्यायालयात चालतात आणि मागच्या बाकावर बसायला कोणी मनाई करत नाही. फोन बंद ठेवावा, दाराजवळच्या बोर्डावर प्रकरणाचा क्रमांक पाहून घ्यावा, आणि पुकारा होईपर्यंत पंख्याचा आवाज ऐकत थांबण्याची तयारी ठेवावी. मी असा पहिल्यांदा गेलो, त्या दिवशी चार तास बसून जे ऐकले ते एवढेच: ‘साक्षीदार गैरहजर, पुढची तारीख.’ त्या चार तासांनी मला गटावरच्या चाळीस संदेशांपेक्षा जास्त शिकवले, हे मात्र खरे.

आता बोलायचे कुठे. न्यायाधीशांना पत्र लिहू नये; ते निष्फळ तर आहेच, वर चालू खटल्यावर दबाव आणल्याचा आरोप ओढवून घेण्याची सोय आहे. मृताच्या कुटुंबाला आपला वकील नेमून सरकारी वकिलांना साहाय्य करता येते, आणि आरोपी सुटला, सौम्य गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली, तर स्वतः अपीलही करता येते. केवळ शिक्षा कमी झाली म्हणून अपील करण्याचा अधिकार सरकारचा आहे, तेव्हा तो वापरावा अशी मागणी राज्याच्या विधी व न्याय विभागाकडे करावी. विशेष सरकारी वकील नेमण्याची मागणीही तिथेच. निदर्शने करायची तर आझाद मैदानात, पोलिसांची लेखी परवानगी घेऊन.

लिहिताना दोन पथ्ये पाळावीत. निकाल अंतिम झाल्यावर त्यावर केलेली रास्त टीका १९७१ च्या कायद्याने न्यायालयाचा अवमान ठरत नाही, पण खटला चालू असताना ‘हाच खुनी’ असे ठरवून टाकणे निराळे. वृत्तवाहिन्यांच्या समांतर खटल्यांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये बजावलेले सामान्य माणसालाही लागू पडते. खुनाबरोबर लैंगिक अत्याचाराचा आरोप असेल, तर पीडितेचे नाव किंवा छायाचित्र पुढे पाठवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग मजकूर कितीही सहानुभूतीचा असो.

आमच्या गटावरच्या त्या प्रकरणाचा सीएनआर क्रमांक मी दुसऱ्या दिवशी शोधून टाकला. तिघांनी तो जपून ठेवला. पुढच्या तारखेला त्यांतल्या एक निवृत्त बाई माझ्याबरोबर फोर्टात आल्या, आणि सरकारी वकिलांनी म्हणणे देण्यासाठी आणखी दोन आठवडे मागितल्यावर त्यांनी वहीत ती तारीखही लिहून घेतली.