लंडन विमानतळाच्या जुन्या फोटोंची तारीख कशी काढायची

जुन्या फोटोत विमानाच्या अंगावर व्हीटी-सीक्यूपी ही नोंदणीची अक्षरं वाचता आली, तर त्या फोटोचा काळ जेमतेम अडीच वर्षांच्या आत येतो. ही एअर इंडिया इंटरनॅशनलची ‘मलबार प्रिन्सेस’. ८ जून १९४८ ला ती मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाली आणि आपल्या देशाची युरोपला जाणारी नियमित सेवा सुरू झाली. ३ नोव्हेंबर १९५० ला हेच विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँवर आदळलं, आतले अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस जण गेले. तेव्हा लंडनला काढलेला तिचा फोटो जून १९४८ च्या आधीचा असू शकत नाही आणि नोव्हेंबर १९५० च्या नंतरचाही नाही. मागे कुणी काहीही लिहिलेलं असो.

माझी सगळी पद्धत एवढीच आहे: फोटोला अलीकडची एक हद्द आणि पलीकडची एक हद्द शोधायची, आणि पुरावा मिळेल तसतशी दोन्ही जवळ आणायची. उमेदीची वर्षं दादरला एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये लोकांचे रोल धुण्यात गेली. आता मुलाकडे हौन्स्लोला असते. हीथ्रो विमानतळ शेजारीच, त्यामुळे जुन्या वस्तूंच्या बाजारात इथल्या विमानांच्या निगेटिव्ह आणि स्लाइड चिवड्याच्या डब्यांत भरून विकायला येतात. आपल्याकडच्या घरांतही असे फोटो आहेत: विलायतेला शिकायला गेलेले काका, मागे चार पंख्यांचं विमान, आणि फोटोच्या पाठीवर फक्त ‘लंडन’. त्या घरांसाठी हे लिहिते आहे.

आधी हात धुऊन कोरडे करा. निगेटिव्ह कडेनेच धरायची, शक्यतो सुती हातमोजे घालून. धूळ रबरी पंपाने उडवायची. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे कण बसतात आणि ते निघत नाहीत. फिल्मला आंबूस, व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती तातडीने बाकीच्यांपासून वेगळी करा. तिचा पाया कुजायला लागलेला असतो आणि त्या वासाने शेजारच्या फिल्मही बिघडतात. अशीच आधी स्कॅन करायची.

स्कॅन करताना फिल्मची चकचकीत बाजू कुठली आणि मळकट बाजू कुठली ते पाहा. चित्र मळकट बाजूवर असतं. बाजू उलटी पडली तर विमानाची अक्षरं आरशातल्यासारखी येतात, हे लगेच कळतं. पण अक्षरं चौकटीच्या बाहेर असतील तर डावा पंख उजवा होऊन बसतो आणि मागची इमारत चुकीच्या बाजूला जाते. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मला इंचाला निदान २४०० ठिपके ठेवा, नाहीतर शेपटीवरची बारीक अक्षरं फुटतात. धूळ आपोआप काढणारी सोय मात्र कृष्णधवल फिल्मला बंद ठेवा. ती अवरक्त किरणांवर चालते, आणि चित्रातली चांदीच ते किरण अडवते. मग यंत्र चांगला तपशीलही धूळ समजून पुसतं. कोडाक्रोम या रंगीत फिल्मच्या स्लाइडवरही ती दगा देते. कोडाक्रोमचे रंग मात्र अंधारात ठेवले तर सत्तर वर्षांनीही ताजे राहतात. स्लाइड गुलाबी-जांभळी पडली असेल तर ती बहुधा दुसऱ्या जातीची फिल्म आहे.

आता विमान. अक्षरं भिंगातून वाचा आणि अंदाजाने पुरी करू नका. जे वाचता येत नाही तिथे टिंब द्या. सुरुवातीची अक्षरं देश सांगतात: जी म्हणजे ब्रिटन, व्हीटी म्हणजे भारत, एपी म्हणजे पाकिस्तान. ब्रिटिश विमानांत पुढची अक्षरं ओळीने दिली गेली, म्हणून त्यांवरून वर्षाचा सुगावा लागतो. ढोबळमानाने जी-एएच म्हणजे १९४६, जी-एएल म्हणजे १९४८-४९, जी-एओ म्हणजे १९५५-५६. अक्षरांखाली लाल-पांढरा-निळा पट्टा असेल तर ती युद्धकाळातली खूण अजून पुसलेली नाही; फोटो १९४५-४६ च्या आसपासचा.

पण अक्षरं कंपन्या आधीच राखून ठेवायच्या. बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीच्या काही स्ट्रॅटोक्रूझर विमानांची अक्षरं जी-एके पासून सुरू होतात, म्हणजे १९४७-४८ ची वाटतात. प्रत्यक्षात ही विमानं प्रवासी घेऊन अटलांटिक ओलांडायला लागली डिसेंबर १९४९ मध्ये. म्हणून अक्षरांवर न थांबता त्या एकाच विमानाचा जन्म आणि शेवट शोधा. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या ‘जी-इन्फो’ या नोंदवहीत जुन्या पानांची छायाचित्रं फुकट पाहायला मिळतात: नोंद कधी झाली, मालक कोण, नाव कधी खोडलं. १९४८ पासून काम करणाऱ्या ‘एअर-ब्रिटन’ संस्थेच्या अभ्यासकांनी विमानागणिक इतिहास गोळा केले आहेत, त्यांचाही मोठा आधार होतो.

अक्षरं दिसतच नसतील तर विमानाची जात ओळखायची. शेपटीला तीन उभे पंख दिसले की लोक लगेच कॉन्स्टेलेशन म्हणतात, पण यॉर्क जातीच्या विमानालाही तीन आहेत. यॉर्कचं धड पेटीसारखं चौकोनी आणि पंखांच्या खाली लटकलेलं. कॉन्स्टेलेशनचं धड माशासारखं वाकलेलं. कॉन्स्टेलेशनमध्येही गोल खिडक्या असतील तर पहिली पिढी, चौकोनी असतील तर लांब धडाची सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियाकडे सुपर कॉन्स्टेलेशन १९५४ पासून आल्या आणि त्यांना ‘रानी ऑफ’ ने सुरू होणारी नावं दिली. त्यांतली एक ‘रानी ऑफ झाशी’. लंडनच्या धुक्यात नाकाजवळ ते नाव वाचलं की मला आजही भरून येतं. अंगावर ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ असं पूर्ण नाव असेल तर फोटो १९६२ च्या आधी रंगवलेल्या विमानाचा. त्या वर्षी ‘इंटरनॅशनल’ गळलं.

आर्गोनॉट आणि स्कायमास्टर ही जोडी सर्वांत फसवी. आराखडा एकच. स्कायमास्टरच्या इंजिनांची तोंडं रुंद आणि गोल, आर्गोनॉटला मर्लिन इंजिनं म्हणून तोंडं निमुळती. ७ फेब्रुवारी १९५२ ला नवी राणी एलिझाबेथ आफ्रिकेहून परतली आणि काळ्या कपड्यांत याच विमानतळावर जिना उतरली, ते ‘अटालांटा’ नावाचं आर्गोनॉट होतं. कॉमेट ओळखणं सोपं: चारही जेट इंजिनं पंखांच्या मुळात दडलेली. चौकोनी खिडक्या असतील तर पहिली कॉमेट. २ मे १९५२ ला जी-एएलवायपी जोहान्सबर्गला निघाली, ती जगातली पहिली प्रवासी जेट सेवा. त्याच वर्षी बीओएसीची कॉमेट मुंबईमार्गे कोलंबोलाही जाऊ लागली. १० जानेवारी १९५४ ला हीच जी-एएलवायपी एल्बा बेटाजवळ समुद्रात कोसळली आणि त्या एप्रिलमध्ये दुसरी गेल्यावर बीओएसीच्या कॉमेटची प्रवासी सेवा थांबली. गोल खिडक्यांची कॉमेट ४ दिसली तर १९५८ किंवा नंतर.

विमान झालं की नजर मागे न्या. माझ्या मते खरी तारीख तिथेच असते, आणि लोक नेमका तोच भाग कापून टाकतात. १९४६ मध्ये हीथ्रोला प्रवासी चक्क तंबूंतून ये-जा करायचे. तंबू दिसले तर सोनं सापडलं समजा. त्यानंतरची बरीच वर्षं उत्तरेला बाथ रोडच्या कडेला बैठ्या इमारतींची रांग होती. मधला लाल विटांचा नियंत्रण मनोरा आणि त्याच्या भोवतीच्या इमारती १९५५ मध्ये वापरात आल्या, राणीने उद्घाटन केलं त्या डिसेंबरात. मनोऱ्याला परांच्या लागलेल्या असतील तर फोटो त्याच्या थोडा आधीचा. क्वीन्स बिल्डिंगच्या गच्चीवर कठड्याला टेकून उभं कुटुंब दिसलं, तर ते १९५५ च्या आधीचं असणं शक्यच नाही. ओशनिक टर्मिनल दिसलं तर १९६१ च्या अखेरीस किंवा पुढे.

बीईए या युरोपात उडणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं व्हायकिंग किंवा डकोटा विमान असेल तर ‘लंडन’ या शब्दावर विसंबू नका. हीथ्रो बांधून होईपर्यंत बीईएची विमानं बहुतांशी जवळच्या नॉर्थोल्ट या हवाईदलाच्या तळावरून उडत होती आणि तिथली नागरी वाहतूक ऑक्टोबर १९५४ पर्यंत चालली. मागे लष्करी हँगर दिसतो का ते पाहा.

महिना सावली सांगते. लंडनला डिसेंबरातल्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो आणि माणसाची सावली उंचीच्या साडेतीनपटीहून लांब पडते. जूनमध्ये तोच ६२ अंशांवर असतो आणि सावली निम्म्या उंचीची. आखूड सावली म्हणजे नक्की उन्हाळा आणि नक्की दुपार. लांब सावली मात्र उन्हाळ्याच्या सकाळ-संध्याकाळीही पडते, तेव्हा झाडांना पानं आहेत का तेही बघा. कपड्यांवरून वर्ष ठरवू नका. आपल्या लोकांनी विलायतेला जाताना शिवलेला ओव्हरकोट दहा-पंधरा वर्षं सहज वापरला आहे.

मग पाकिटावर मऊ पेन्सिलीने लिहा, फोटोच्या पाठीवर नाही. मी तीन ओळी लिहिते: जे फोटोत दिसतं, जे नोंदींवरून सिद्ध होतं, आणि जे घरचे सांगतात. तिसरी ओळ पहिल्या दोघींत कधीही मिसळू नका. मामा म्हणतात १९५१ आणि मागे क्वीन्स बिल्डिंग दिसते, तरीही मामांचं म्हणणं त्यांच्या नावासकट लिहून ठेवा. ते कदाचित पहिल्या प्रवासाबद्दल बोलत असतील आणि फोटो दुसऱ्या खेपेचा असेल. फोटोत कोण आहे हे मात्र फक्त घरच्यांनाच माहीत असतं, तेव्हा ते आधी विचारून घ्या. विकत घेतलेल्या निगेटिव्हच्या बाबतीत हेही ध्यानात ठेवा, की निगेटिव्ह आपली झाली तरी छपाईचा हक्क आपला होत नाही.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याआधी ही पाकिटं प्लॅस्टिकमधून काढून कागदी लखोट्यांत घाला, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. डबा भिंतीला लागलेल्या कपाटात नको. ओल भिंतीतूनच येते.