कोकोपीटमधील टोमॅटो आणि कॅल्शियमचा तोल
कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावलेल्या टोमॅटोच्या जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला आणि फळांचे बूड काळवंडले, तेव्हा खत वाढवण्याऐवजी मी कोकोपीटकडेच लक्ष वळवले. काथ्याच्या कणांना मुळातच पोटॅशियम व सोडियम चिकटलेले असते. ते पाण्यात सोडून देऊन हे कण त्यांच्या जागी द्रावणातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात व रोप उपाशी राहते. म्हणून कॅल्शियम नायट्रेटचे सौम्य द्रावण कुंडीतून भरपूर निचरा होईपर्यंत दिले. मॅग्नेशियम सल्फेट मात्र वेगळे दिले, कारण दोन्हींची तीव्र द्रावणे मिसळल्यास जिप्समचा साका बसतो. द्रावणाचा सामू (pH) ५.८ ते ६.२ राखला. पुढची पाने आणि फळे निरोगी आली. डागाळलेली फळे मात्र सुधारत नाहीत, ती काढून टाकणेच योग्य.