काच वर गेल्यावर

कोल्हापूरच्या गुजरीत एका सराफी पेढीचं उद्घाटन होतं. कलाकार सांभाळायच्या धंद्यातलं माझं पहिलं काम. मालिकेत घराघरातला ‘दादा’ झालेला एक अभिनेता फीत कापायला येणार होता. त्याला हॉटेलातून आणायचं आणि परत सोडायचं, एवढंच माझ्याकडे. कार्यक्रम झकास झाला. त्यानं हौसेनं फेटा बांधून घेतला, गर्दीतल्या एका आजींचे हात हातात धरले, त्यांनी मोडून दिलेला अर्धा पेढा खाल्ला. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. मग तो गाडीत बसला, काच वर गेली आणि त्यानं फेटा काढून मागच्या सीटवर भिरकावला. सॅनिटायझर मागितला. “अजून किती म्हाताऱ्या आहेत?” असं म्हणाला. मला नाही, समोरच्या काचेला.

घरी आले तर आई दारातच. “कसा आहे गं?”

“खूप साधा आहे,” मी म्हणाले.

या कामात मी शिकलेलं हे पहिलं वाक्य, आणि पुढं कित्येकदा वापरलेलं. कलाकार सांभाळायचं काम करायला निघालेली पोरं मला फोन करतात. कसं शिरायचं, काय मिळतं, ओळख लागते का, एवढंच विचारतात. या काचेबद्दल कुणी विचारत नाही. सोडून जाणारे मात्र पैशापेक्षा तिच्यामुळंच जास्त जातात, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

शिरायच्या वाटा तीन. एक, मोरेवाडीच्या चित्रनगरीत किंवा आसपासच्या गावातल्या एखाद्या वाड्यात मालिका चालू असेल तर तिथल्या प्रॉडक्शनमध्ये. दोन, इव्हेंटवाल्यांकडं: उद्घाटनं, दहीहंड्या, गणेश मंडळं, कॉलेजची गॅदरिंग. याला धंद्यात ‘सुपारी’ म्हणतात. बंदोबस्ताची परवानगी काढायला पोलीस ठाण्यात गेलात तर हा शब्द तिथं काढू नका, मी एकदा काढलाय. तीन, सिनेमाचं प्रमोशन, पण ते दोन-तीन दिवसांचं असतं. मालिकेत पैसे नव्वद दिवसांनी हातात येतात हा जुना रिवाज आहे. तेव्हा पहिले तीन-चार महिने घरचं जेवण आणि बापाची गाडी यांच्यावर काढायची तयारी ठेवा.

आता त्या ‘दादा’बद्दल. दोन वर्षं मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग माझ्या हातात हिशेबाची वही आली आणि त्या दिवसाचा कागद सापडला. करार एक तासाचा, एका जागेचा. आम्ही त्याला पाच ठिकाणी फिरवलं होतं. पेढीच्या मालकाच्या घरी चहा, मालकाच्या मेहुण्याच्या दुकानात फोटो, एका नगरसेवकाचं कार्यालय, अंबाबाईचं दर्शन आणि वाटेत थांबवलेली एक मुंज. प्रत्येक वेळी “दादा, जाता जाता फक्त पाच मिनिटं”. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस साडेपाच तास हसत होता आणि त्यातल्या साडेचार तासांचे त्याला पैसे नव्हते. पेढीचं उद्घाटन या सगळ्याच्या शेवटी, म्हणजे त्या आजी शेवटच्या थांब्यावरच्या. ‘म्हाताऱ्या’ या शब्दाची बाजू मी आजही घेत नाही. पण तो फेटा कुणाच्या तोंडावर फेकायला हवा होता, हे मला आता कळतं.

म्हणून सांगते, किती वेळ, किती ठिकाणं, कोण भेटणार, जेवण काय, परतीची गाडी किती वाजता, हे सगळं कागदावर घ्या. अर्धे पैसे तारीख धरताना आणि उरलेले स्टेजवर चढायच्या आधी. पाहुणचाराच्या बाबतीत आपण कोल्हापूरकर ऐकत नाही, हे मी कोल्हापूरकर म्हणूनच लिहिते. एका नटानं तांबडा-पांढरा नको म्हणून उकडलेली अंडी आणि काकडी मागितली, तर यजमान आठवडाभर गावात सांगत होते, “लई माज आलाय त्याला.” चार दिवसांनी त्याचा उघड्या अंगाचा सीन होता, एवढीच गोष्ट. नाही म्हणणारा माणूस आपल्याकडं उर्मट ठरतो. तेव्हा ‘कॅमेऱ्यामागं तो फार वाईट आहे’ असं कुणी सांगितलं तर पहिल्यांदा विचारा, त्यानं कशाला नाही म्हटलं होतं?

मग सगळे चांगलेच असतात का? नाही. एक अभिनेत्री रंगमंचावरून म्हणाली, “कोल्हापूरची भाषा म्हणजे मध आहे!” टाळ्याच टाळ्या. तासाभरानं तिच्या व्हॅनिटी व्हॅनच्या पायरीवर मी चहा घेऊन उभी, आणि आत ती मैत्रिणीला फोनवर माझी नक्कल करून दाखवत होती. आपल्याकडं बायका ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात ना, तेच. “अगं, इथल्या बायका पुरुष आहेत!” मी चहा आत दिला आणि मुद्दाम म्हणाले, “ठेवून जातो, मॅडम.” त्यानंतर तीन महिने मी मुंबईच्या लोकांशी बोलताना ‘जाते, येते’ घोकत होते. आता पुन्हा ‘जातो’वर आले.

पण माझं माप बदललं ते एका मालिकेच्या सेटवर. तिथं दोन माणसं होती. एक ताई, खाष्ट सासूचं काम करायच्या. रविवारी वाडा बघायला येणाऱ्या बायका त्यांना तोंडावर बोलायच्या, “सुनेला किती छळतेस गं!” त्या हसून त्यांच्या पोरांना मांडीवर घ्यायच्या. सेटवर चहापाणी बघणाऱ्या स्पॉटदादांची नावं त्यांना पाठ, लाइटवाल्यांच्या मुलींच्या परीक्षा पाठ, दिवाळीला सगळ्या युनिटला डबे. आणि दुसरा एक नट, प्रेमळ थोरल्या भावाच्या कामात. सेटवर कुणाला ‘गुड मॉर्निंग’ म्हणणं नाही, जेवायला एकटा, सेल्फीला सरळ नकार. मला वाटलं, उत्तर सोपं आहे. पडद्यावरची खाष्ट ती खरी चांगली आणि पडद्यावरचा गोड तो खोटा. खलनायक म्हणून गाजलेले निळू फुले प्रत्यक्षात सेवादलात वाढलेले, चळवळींत रमणारे किती ऋजू गृहस्थ होते, हे आपण ऐकतच मोठे झालो. त्या धाग्यात ताई चपखल बसत होत्या.

मग माझ्याकडं कॉलशीट, म्हणजे कुणी किती वाजता सेटवर यायचं त्याचा कागद, लिहायचं काम आलं. रोजच्या मालिकेला दिवसाला वीस-बावीस मिनिटांचा मजकूर लागतो, शिफ्ट बारा तासांची, आणि आधीच शूट करून ठेवलेल्या एपिसोडची ‘बँक’ संपत आली की सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळतं. ताईंचा कॉलटाइम सातचा असला की त्या सव्वानऊला यायच्या. रोज. आल्या की सगळ्यांची चौकशी, कुणाला तरी मिठी, मग मेकअप. तो नट सातच्या कॉलला पावणेसातला, संवाद पाठ, एका टेकमध्ये मोकळा. ताईंच्या दोन तासांमुळं पॅकअप रात्री उशिरा व्हायचं. शेवटची एसटी चुकलेले लाइटवाले सेटवरच्या गाद्यांवर झोपायचे. त्यातल्याच एकानं मला सांगितलं, “ताई माझ्या पोरीच्या परीक्षेचं विचारतात, चांगलं वाटतं. पण त्यांच्यामुळं त्या पोरीला मी आठवड्यात एकदा जागी बघतो.”

ताई खोट्या नव्हत्या. त्यांचं प्रेम खरंच होतं. ते फुकट नव्हतं, एवढंच, आणि त्याचं बिल दुसरेच भरत होते. तेव्हापासून मी माणसाचं हसू बघत नाही, कॉलशीटवरची वेळ बघते. आई “कसा आहे गं?” म्हणाली की मी सांगते, “वेळेवर येतो.” तिला हे उत्तर अजिबात आवडत नाही.

बाहेरच्या देशातलं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या टीव्ही सूत्रसंचालिका एलेन डीजेनेरस यांचं. २००३ पासून त्यांचा कार्यक्रम चालायचा आणि एकमेकांशी प्रेमानं वागा, हे त्यांचं निरोपाचं वाक्य. २०२० मध्ये तिथल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी कामाच्या जागेबद्दल तक्रारी मांडल्या, चौकशी झाली, तीन वरिष्ठ निर्माते गेले, एलेन यांनी माफी मागितली, आणि २०२२ च्या मेमध्ये कार्यक्रम संपला. बातम्या वाचताना माझ्या लक्षात राहिलं ते असं की बऱ्याच तक्रारी त्यांच्या हाताखालच्या निर्मात्यांबद्दल होत्या, पण पाटीवर नाव त्यांचं होतं. नवीन कामाला लागताना स्टारकडं नंतर बघा. त्याचा मॅनेजर, ड्रायव्हर, हेअर-मेकअपची माणसं किती वर्षं टिकलीत, ते विचारा. ड्रायव्हरला सगळं माहीत असतं, आणि वेळही त्याच्याकडंच असतो.

आपल्या गावात ही काच पूर्वी इतकी जाड नव्हती, असं मला वाटतं. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम शिकाऊ म्हणून लागले तेव्हा पडेल ते काम करत होते. १९२९ मध्ये ‘प्रभात’ निघाली ती इथंच, १९३३ मध्ये पुण्याला गेली, आणि तिथले नट-नट्या महिन्याच्या पगारावर असत. एकाच आवारात दिवसभर वावरणाऱ्यांना वेगळा चेहरा ठेवायला जागा कुठं मिळणार? तेव्हाचे सगळे देवमाणसं होते, असं म्हणत नाही. व्हॅनिटी व्हॅन नव्हती, एवढंच म्हणते.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

जनसंवादाच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं. १९५६ मध्ये हॉर्टन आणि वोल या दोघांनी लिहून ठेवलंय की टीव्हीवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी नातं जुळतं. आपण त्याला ओळखतो असं वाटतं, तो मात्र आपल्याला ओळखत नसतो. परीक्षेत मला त्यावर चांगले मार्क होते. गुजरीतल्या आजींचे अश्रू मी त्या उत्तरात बसवले होते. मी स्वतः त्यात बसते, हे डोक्यात आलं नाही.

एका मालिकेत वडिलांचं काम करणारे एक ज्येष्ठ नट होते. महाराष्ट्रभर लोक त्यांना वाकून नमस्कार करायचे. मेकअपला एकोणीस वर्षांची एक मुलगी नवीन लागली होती, इचलकरंजीकडची. एका संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “ताई, सर रात्री मेसेज करतात. हॉटेलवर ये म्हणतात, लाइन्स वाचायला.” मी हसले. खरंच हसले. म्हणाले, “अगं, ते बाबांसारखे आहेत.” कुणाच्या बाबांसारखे? मालिकेतल्या मुलीच्या. मी त्यांना तेवढंच ओळखत होते, रोज संध्याकाळी आईच्या शेजारी बसून. मुलगी पुढच्या सोमवारी कामावर आली नाही. नंतर कळलं, एका ब्युटी पार्लरमध्ये लागली. दीड वर्षानं दुसऱ्या युनिटमधल्या दुसऱ्या मुलीनं मला त्याच माणसाचे तसेच मेसेज दाखवले.

त्या संध्याकाळी मला जे माहीत असायला हवं होतं, ते तुम्ही पाठ करून या. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवी आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई हवी. माणसं दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. तक्रार तीन महिन्यांत लेखी द्यायची, कारण पटलं तर आणखी तीन महिने मिळतात. रोजंदारीवर, कंत्राटावर, शिकाऊ म्हणून असलेल्यांनाही हा कायदा लागतो. ‘तू परमनंट नाहीस’ असं कुणी म्हटलं तर ते खोटं. केरळमध्ये हेमा समितीनं सिनेमातल्या बायकांच्या परिस्थितीवर २०१९ च्या अखेरीस अहवाल दिला, तो लोकांपुढं यायला ऑगस्ट २०२४ उजाडला. प्रत्येक सिनेमाच्या युनिटमध्ये अशी समिती असलीच पाहिजे, असं तिथल्या उच्च न्यायालयानं २०२२ मध्येच सांगितलंय. काम घेताना विचारा, समिती कुठाय, नावं कुठं लावलीत. मी विचारते. दोनदा समोरून उत्तर आलं, “मॅडम, आपलं युनिट फॅमिलीसारखं आहे.” दोन्ही कामं मी घेतली नाहीत.

मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट. रात्रीचं लाइन-वाचन हॉटेलच्या खोलीत होत नाही. लॉबीत होतं, आणि तिथं तिसरा माणूस असतो. आणि कुणी तुमच्याजवळ येऊन सांगितलं, तर तो माणूस पडद्यावर कोण आहे ते पाच मिनिटं विसरा.

बाकी गुप्तता पाळायचीच. कोण थकलं, कोण रडलं, कोण कुणावर ओरडलं, कुणाचा विग आहे, हे युनिटबाहेर जाऊ द्यायचं नाही. खोलीचा नंबर, मुक्कामाचं हॉटेल, फोन नंबर सख्ख्या भावालाही द्यायचा नाही. पहिल्या दिवशी सेल्फी मागायचा नाही. त्या ‘दादा’चंही नाव मी आईला कधी सांगितलं नाही, म्हणजे तिला ते माहीतच होतं, फेट्याचं तेवढं सांगितलं नाही. फेटा माझ्याकडं आहे, घड्या मोडलेला, जरीचा. सराफांनी परत मागितला नाही.

त्या ‘बाबां’ची नवी मालिका सुरू झालीय. आई रोज बघते, मधल्या जाहिरातीत मला हाक मारून विचारते, “तू यांच्याबरोबर काम केलंयस ना गं? कसे आहेत?” मी त्या वेळेला गच्चीवर कपडे काढायला गेलेले असते.