पॉवर वीडरचे ऑइल बदलल्यावर पांढरा धूर येत असल्यास : माझा अनुभव

सोलापूरजवळच्या आमच्या डाळिंबाच्या बागेतील पेट्रोलवर चालणाऱ्या पॉवर वीडरचे (तण काढण्याच्या यंत्राचे) ऑइल मी प्रथमच स्वतः बदलले आणि इंजिन सुरू करताच पांढरट-निळसर धूर येऊ लागला. एअर फिल्टरच्या डबीतही ऑइल साचले होते. स्पार्क प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, पण दोन दिवस वाया गेले.

चूक ऑइल काढतानाच झाली होती. इंजिन थंड होते आणि यंत्र हँडलवर टेकल्यामुळे मागे कललेले होते. त्यामुळे जुने ऑइल पुरते निघाले नाही आणि त्यावर मी पुस्तिकेतले ६०० मिलिलिटर मोजून ओतले. जादा ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून फिल्टरमध्ये आणि तेथून सिलिंडरमध्ये जाऊन जळत होते.

मग यंत्र अंगणातील शहाबादी फरशीवर घेतले व हँडलखाली विटा रचून इंजिन समपातळीत आणले. दोन मिनिटे चालवून ते कोमट झाल्यावर बंद केले, प्लगची टोपी काढली, आधी भरण्याचे झाकण व नंतर ड्रेन बोल्ट उघडून पंधरा मिनिटे सर्व ऑइल डब्यात निथळू दिले. नवा वॉशर घालून बोल्ट आवळला, १०डब्ल्यू-३० ग्रेडचे ऑइल प्रथम ५०० मिलिलिटर ओतले आणि उरलेले थोडेथोडे, दर वेळी ऑइलची पातळी मोजायची पट्टी (डिपस्टिक) पुसून, वरच्या खुणेपर्यंत भरले. आमच्या इंजिनात पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. काहींत ती फिरवतात, म्हणून पुस्तिका पाहावी. ऑइलने भिजलेला कागदी फिल्टर धुऊन उपयोग नाही, तो नवाच घातला. सायलेन्सरमधले उरलेले ऑइल जळेपर्यंत थोडा वेळ धूर आला, नंतर थांबला.