किनाऱ्यावर स्प्रिंग लवकर का तुटते? या चुका टाळा

हर्णैपासून मालवणपर्यंत कुठल्याही बंदरापाशी बाइकच्या साइड स्टँडची स्प्रिंग, दुकानाचं शटर आणि मासळीच्या टेम्पोचे पाटे (चाकांवरची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) घाटावरच्यापेक्षा लवकर जातात. सगळा दोष खाऱ्या हवेवर टाकला जातो, पण खारी हवा हे अर्धंच कारण आहे. स्प्रिंगवर भार आला की सर्वाधिक ताण तारेच्या पृष्ठभागावर येतो. तिथे गंजाचा बारीक खड्डा पडला, पकडीचा ओरखडा उठला किंवा वेल्डिंगचा थेंब उडाला, की तडा तिथूनच सुरू होतो. यातले ओरखडे आणि थेंब आपणच करून ठेवतो.

गंज घालवण्याच्या नादात

गंजलेली स्प्रिंग बाथरूमच्या अ‍ॅसिडमध्ये बुडवू नका. अ‍ॅसिडमधून सुटणारा हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. चकचकीत झालेली स्प्रिंग बसवल्यावर काही तासांत किंवा काही दिवसांत, नेहमीच्याच भाराखाली अचानक तुटते. झिंक प्लेटिंगमध्येही हाच धोका असतो. त्यामुळे प्लेटिंगनंतर शक्यतो 4 तासांच्या आत स्प्रिंग 190 ते 220 अंश सेल्सिअसला काही तास भाजावी लागते. प्लेटिंगवाल्याला हे आधी विचारा. तो भाजत नसेल तर प्लेटिंग करूच नका, त्यापेक्षा रंग आणि ग्रीस बरं.

स्टेनलेस स्टील घेतलं म्हणजे काम झालं, असंही नाही. खारं पाणी साचून राहिलं तर 304 या नेहमीच्या ग्रेडला बारीक खड्डे पडतात. 316 या ग्रेडमध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते जास्त टिकतं. तरीही समुद्राचं पाणी लागलं की ते गोड्या पाण्याने धुवावंच. मापं तीच ठेवून साध्या तारेऐवजी स्टेनलेस तार वापरली, तर स्प्रिंग साधारण 10 ते 13 टक्के नरम पडते, कारण तो धातूच पिळाला कमी विरोध करतो. आणखी एक: चुंबक चिकटला म्हणून माल बनावट ठरवू नका. 304 ची तार थंडपणे ओढून बारीक केली की ती थोडी चुंबकीय होते.

अंदाजाने बदललेली स्प्रिंग

नवी स्प्रिंग घेताना तारेची जाडी, बाहेरचा व्यास, मोकळी लांबी, वेढ्यांची संख्या आणि गुंडाळीची दिशा बघा. जाडी मोजताना रंग व गंज खरवडून व्हर्नियर लावा. डोळ्यांनी अंदाज करू नका, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 2 मिमीऐवजी 2.2 मिमी तार घेतली तर स्प्रिंग सुमारे 46 टक्के कडक होते. लांब स्प्रिंग कापून बसवणंही असंच फसवं. 8 चालू (म्हणजे भार घेणाऱ्या) वेढ्यांतले 2 कापले की कडकपणा 33 टक्के वाढतो आणि कापलेलं टोक सपाट बसत नाही.

दाब घेणारी स्प्रिंग पूर्ण मिटेपर्यंत कधी दाबू नये, वेढ्यांमध्ये थोडी जागा उरली पाहिजे. तिची लांबी व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त असेल तर आत दांडी लागते, नाहीतर ती मधेच वाकते. तपासताना वेढ्यांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा, ताण तिथे जास्त असतो. ओढ घेणारी स्प्रिंग बहुधा आकड्याच्या वळणावर तुटते. साइड स्टँडची अशीच जाते, म्हणून आकडा पकडीने पिळून सरळ करू नका. पिळाच्या स्प्रिंगवर भार नेहमी वेढे आवळण्याच्या दिशेने यावा, उलटा आला तर ती लवकर जाते. डावी-उजवी अदलाबदल चालत नाही.

शटर जड झालं तर

पावसाळ्यात शटर जड झालं की मालक स्प्रिंगला पीळ वाढवायला सांगतो. बहुतेकदा दोष बाजूच्या खाचेत असतो. आधी खाच घासून साफ करा, हलकं तेल लावा आणि शटर कमरेच्या उंचीवर सोडा. तिथेच थांबलं तर स्प्रिंग ठीक आहे. खाली येत असेल तर ती ढिली पडली आहे किंवा तुटली आहे. आपोआप वर पळत असेल तर पीळ जास्त आहे. खाच न बघता पीळ वाढवला तर पट्टीची स्प्रिंग तुटते. पीळ भरलेल्या स्प्रिंगच्या पेटीत मोठी ताकद साठलेली असते, तिचे बोल्ट घरी उघडू नका.

टेम्पोचे पाटे

मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारट पाणी थेट पाट्यांवर गळतं, पाट्यांच्या मध्ये शिरतं आणि गंज फुगून पाटे एकमेकांना खातात. फेरी संपली की गोड्या पाण्याने जोरात धुवा. पाटे उघडले असतील तेव्हा मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा. तडकलेला पाटा वेल्ड करू नका. उष्णतेने त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि वेल्डच्या शेजारीच तो पुन्हा तुटतो.

चिरे वाहणारे जास्तीचा पाटा घालतात. त्याने गाडी खाली बसत नाही, पण तो बोजा ॲक्सल, टायर आणि ब्रेकवर कायम राहतो. पाट्यांना बांधणाऱ्या क्लिपा निघाल्या असतील तर उसळीचा सगळा मार एकट्या मेन पाट्यावर येतो.

पाटा कुठे तुटला ते नीट बघा. बरोबर सेंटर बोल्टच्या भोकावर तुटला असेल तर पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट ढिले होते. नुसता पाटा बदललात तर नवाही तिथेच जाईल. यू-बोल्ट नवे घ्या, नट कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा आणि भरलेल्या गाडीच्या पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळून बघा.