डिझेल भरायचा कंटाळा ऐन डाउनीत महागात पडतो

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे चाळीस-पंचेचाळीस दिवस ब्लोअरला, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राला, उसंत नसते. पोंगा (नवा कोंब) फुटला, तीन-चार पानं आली, की डाउनीला, म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाला, वाट मोकळी. पाऊस उघडल्यावर बागेत शिरायला जी वेळ मिळते ती तासांत मोजायची, आणि नेमका तेव्हाच छोटा ट्रॅक्टर दोन ओळी चालून आचके देतो, धूर सोडतो, बंद पडतो.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पाऊस नाशिक जिल्ह्यातला कुठलाच बागायतदार विसरलेला नाही. त्या आठवड्यात शेजारच्या बागेत मी स्वतः उभा होतो. फवारणीचं औषध घरात होतं, ब्लोअरच्या टाकीत कालवलेलंसुद्धा होतं. ट्रॅक्टर मात्र जागचा हलेना. डिझेल फिल्टरची वाटी खोलली तर तळाला दोन बोटं पाणी, वर डिझेल, मधे चहाच्या सायीसारखा गढूळ पट्टा. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोवर पानांवर तेलकट डाग दिसायला लागले होते आणि पुढच्या चार दिवसांत फुलोऱ्यातले घड तपकिरी होऊन गळाले. त्यानंतर दर हंगामात मी हेच पाहतो आहे. औषध चुकल्यानं बागा जातात, तशा डिझेलमधल्या पाण्यानंही जातात, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

हे पाणी येतं कुठून? बहुतेक वेळा पंपावरून नाही, आपल्याच घरून. वीस लिटरचा कॅन भरला की सोळा-सतरा किलोचा होतो. तो छातीपर्यंत उचलायचा, एका हातानं नरसाळं धरायचं, निम्मं डिझेल बोनेटवर सांडायचं. दिवसभर फवारणी करून थकलेला माणूस हे संध्याकाळी करत नाही, उद्या बघू म्हणतो. टाकी रात्रभर अर्धी रिकामी राहते. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी पहाटेच्या गारव्यात पत्र्याला आतून धरतं आणि तळाला उतरतं. म्हणून भरायचं काम सोपं करा, कारण सोपं असेल तरच ते रोज संध्याकाळी होईल.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वीसचा कॅन सोडून दहाचे दोन घ्या. घरातली बाईमाणसं, म्हातारी माणसंही दहाचा कॅन उचलू शकतात.

त्याहून बरा उपाय उंचावरच्या बॅरलचा. दोनशे लिटरचं बॅरल वर चढवायच्या फंदात पडू नका, भरलं की ते दोनशे किलोच्या आसपास जातं. पन्नास-साठ लिटरचं लोखंडी बॅरल घ्या, अँगलच्या भक्कम घोड्यावर आडवं ठेवा. बॅरलचा तळ ट्रॅक्टरच्या टाकीच्या तोंडापेक्षा हातभर वर हवा. शेडचा ओटा उंच असेल आणि ट्रॅक्टर खाली उभा राहत असेल तर घोडाही लागत नाही. कॉक तळाला बसवू नका, चार बोटं वर बसवा, आणि बॅरलला मागच्या बाजूला किंचित उतार द्या. पाणी डिझेलपेक्षा जड, ते मागच्या कोपऱ्यात साठेल. तिथे एक छोटं बूच ठेवा आणि आठवड्यातून एकदा त्यातून काचेच्या बाटलीत थोडं काढून बघा.

बॅरल उभंच ठेवायचं असेल तर हँडल फिरवायचा पंप बसवा. त्याची आतली नळी तळापासून किमान दोन इंच वर कापा. दुकानदार पूर्ण लांबीची नळी देतो, ती तळातलं पाणी आणि गाळ आधी ओढते. बारा व्होल्टचा पंप चांगला, पण तो डिझेलसाठीचाच घ्या, त्याला फ्यूज लावा आणि त्यानं कधीही पेट्रोल ओढू नका.

तोंडानं नळी ओढू नका. डिझेल फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. कुणी गिळलंच तर उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा.

आता उघड्यावर उभ्या बॅरलबद्दल, कारण सगळ्यात जास्त पाणी इथून येतं. वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी साचतं. दिवसा ऊन लागलं की आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री गार झालं की बॅरल श्वास आत घेतं आणि बुचाच्या आट्यांतून ते साचलेलं पाणी ओढतं. बूच कितीही आवळा. बॅरल छपराखाली न्या. जागा नसेल तर आडवं करा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत राहतील असं.

डिझेल आणल्यावर एक रात्र हलवू नका, बसू द्या. नरसाळ्याला बारीक जाळी हवीच, पण जाळी कचरा अडवते, पाणी नाही. जुन्या धोतराचं फडकं वापरू नका, त्याचे धागे फिल्टरमध्ये जातात. जस्ताची बादली नको, औषधाचा रिकामा कॅन तर नकोच. टाकी भरताना इंजिन बंद, सायलेन्सर थंड, विडी लांब. वर दोन बोटं जागा सोडा.

घरी ठेवण्याबद्दल कायद्याची भीती घालतात. डिझेल एका जागी २५०० लिटरपर्यंत आणि कुठलंही भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर परवाना लागत नाही. पेट्रोलचे नियम वेगळे आणि कडक आहेत.

आणि दुकानात काउंटरवर ती छोटी बाटली दाखवतील, डिझेलमध्ये टाका, ॲव्हरेज वाढेल, पाणी जिरेल. घेऊ नका. त्या पैशांत डिझेल फिल्टरचा जोड येतो आणि हंगामाआधी तोच बदलायचा असतो.

छाटणीआधीची बाकी कामं: एअर क्लीनर, इंजिन ऑइल, रेडिएटरचं पाणी, फॅन बेल्ट, पीटीओ शाफ्टला (ट्रॅक्टरवरून ब्लोअर फिरवणाऱ्या दांड्याला) ग्रीस, ब्लोअरचे नोझल, टायरची हवा, बॅटरीचे टर्मिनल.

माझा एक अंदाज सांगतो. सकाळी बोनेटवर दव दिसलं की त्या दिवशी फिल्टरच्या वाटीतलं पाणी सोडल्याशिवाय मी सेल मारत नाही, आणि दहातल्या सहा-सात वेळा थेंब-दोन थेंब पाणी निघतंच. पावसाचा अंदाज असेल तर आदल्या संध्याकाळीच टाकी भरा, वाटी सोडून बघा, आणि डाउनीवरचं बुरशीनाशक मॅन्कोझेब ७५ टक्के लिटरला २ ग्रॅम या हिशेबानं मोजून ठेवा.

तरीही ट्रॅक्टरनं एअर घेतलीच, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरलीच, तर मेकॅनिकची वाट बघत बसू नका. आधी वाटीतलं पाणी काढा. फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा, हाताचा प्रायमर (डिझेल ओढणारा छोटा पंप) मारत राहा. फेस येईल, मग बुडबुडे, मग एकसारखी धार. धार लागली की प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळा आणि मगच सेल मारा. हवा न काढता सेल मारत राहिलात तर बॅटरीही उतरेल.