कॅम्पर परत आला की या चुका टाळा

मेमोरियल डे ते लेबर डे, म्हणजे मे अखेर ते सप्टेंबरची सुरुवात, या काळात आमच्या मराठी मंडळींचे फोन येतात ते ठरलेल्या तक्रारींचे. कॅम्परमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या झोपण्या-रांधण्याच्या ट्रेलरमध्ये, कसला तरी वास येतोय. बॅटरी उतरली. टँक रिकामी केली तरी फुल दाखवतेय. नळाच्या पाण्याला चव येतेय. प्रत्येकाची खात्री असते की ट्रेलरच गंडका निघाला. मी उलट एवढंच विचारतो, ‘परत आलात त्या दिवशी काय केलंत?’ उत्तरही ठरलेलं. ‘अरे, दमलो होतो. कुलूप लावलं आणि घरात गेलो. पुढच्या ट्रिपच्या आधी बघू म्हटलं.’

सोळा-सतरा फुटी छोटा ट्रेलर रस्त्यावर फारसा बिघडत नाही. तो बिघडतो दारात उभा असताना, दोन ट्रिपांच्या मधे. न्यू जर्सीच्या जुलैमध्ये बंद ट्रेलरच्या आत काय हवा तयार होते हे ज्याने एकदा दार उघडून घेतलंय त्याला वेगळं सांगायला नको. म्हणून माझ्या लेखी पहिली चूक हीच, की साफसफाई म्हणजे पुढच्या ट्रिपची तयारी असा समज. साफसफाई हा मागच्या ट्रिपचा शेवटचा तास आहे. सामान उतरवायच्या आधी तो तास काढायचा, कारण सामान घरात गेलं की माणूसही घरात जातो आणि सोफ्यावरून उठत नाही.

ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणं

ही माझी लाडकी चूक. लाडकी म्हणजे हिच्यावर मी सर्वात जास्त चिडतो. ब्लॅक टँक म्हणजे टॉयलेटची घाण साठते ती, आणि ग्रे म्हणजे सिंक-शॉवरचं पाणी साठतं ती.

आमच्या एका मित्राला एकदा कॅम्पर दिला होता. चार दिवस, बायकामुलं बरोबर, जागाही अशी की पाणी, वीज आणि ड्रेनेज तिन्ही जोडण्या हाताशी. गडी इंजिनियर. त्याने विचार केला की ड्रेनेजचा पाइप जोडलेलाच आहे, तर दोन्ही व्हॉल्व्ह उघडेच ठेवू, आपोआप जात राहील, शेवटी टँका डम्प म्हणजे रिकाम्या करायची कटकटच नको. परत आणून दिला तेव्हा गाडी बाहेरून चकाचक, आत व्हॅक्यूम फिरवलेला, वर चितळ्यांच्या बाकरवडीचा पुडा. ‘टँका रिकाम्या आहेत,’ म्हणाला, ‘एक थेंब नाही.’

थेंब खरंच नव्हता, आणि तीच तर अडचण. व्हॉल्व्ह उघडा राहिला की पाणी निघून जातं आणि घन तेवढं मागे उरतं, बरोबर टॉयलेटच्या खाली, थरावर थर. कागद त्यात सिमेंटचं काम करतो. चार दिवसांत ढीग होतो आणि वर उन्हाळ्यात आठवडाभर वाळत पडला की टणक होतो. इकडचे जुने कॅम्परवाले त्याला पिरॅमिडच म्हणतात. मी टॉयलेटचं पेडल दाबून टॉर्च मारला तर त्याचं शिखर दिसत होतं.

मग काय केलं? टॉयलेटमधून बादल्यांनी पाणी ओतून टँक जवळजवळ पूर्ण भरली, भांड्यांचा साबण घातला, रात्रभर भिजू दिलं. सकाळी ट्रेलर जोडून तसाच भरलेल्या टँकेसकट खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने फिरवला, म्हणजे आत पाणी हिंदकळेल. डम्प स्टेशनवर सोडलं, पुन्हा भरलं, पुन्हा भिजवलं, पुन्हा सोडलं. पाइपच्या पारदर्शक कोपरामधून स्वच्छ पाणी दिसेपर्यंत हाच उद्योग. बर्फाचे खडे टाकून गाडी पळवली की टँक घासून निघते असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. माझा त्यावर विश्वास नाही. भिजवायला वेळ द्या, बर्फाचे पैसे वाचवा.

नियम साधा आहे. जोडणी असो वा नसो, ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच. किमान अर्धी-पाऊण टँक भरली की मगच सोडायची. लवकर निघायचं असेल तर पाणी ओतून भरा आणि सोडा. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. त्यासाठी ग्रेचा व्हॉल्व्हही आदल्या रात्रीपासून बंद ठेवायचा. रिकामी केल्यावर व्हॉल्व्ह लावून आत दोन-तीन गॅलन पाणी आणि डिओडरायझर घालायचं, कोरडी ठेवायची नाही. टॉयलेटच्या बाउलमध्येही थोडं पाणी राहू द्या. तिथला रबरी सील सुकला की खालचा वास थेट आत येतो, आणि मग लोक अगरबत्ती लावतात.

एक गंमत सांगतो. आपल्याकडची मगाने धुवायची सवय ब्लॅक टँकला फार मानवते. पाणी भरपूर, कागद कमी. टँक लवकर भरते हे खरं, पण साचत काही नाही. ‘फ्लशेबल’ लिहिलेले ओले वाइप्स मात्र घरातून निघतानाच काढून ठेवा. ते विरघळत नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

आणि डम्पिंगजवळची होज पिण्याच्या पाण्याला लावणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय. पिण्याची होज पांढरी किंवा निळी, ती वेगळ्या डब्यात. घाणीची, तिचे हातमोजे, सगळं दुसऱ्या डब्यात. यावर चर्चा नाही.

ग्रे टँकला सज्जन समजणं

वास आला की सगळे ब्लॅककडे बोट दाखवतात. बहुतेक वेळा गुन्हेगार ग्रे असते. आमटीचं तेल, भाताची शितं, पीठ मळलेल्या परातीचं पाणी, हे सगळं सिंकमधून खाली जातं आणि ऊन लागलं की आंबतं. भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घ्या आणि सिंकच्या तोंडाला जाळी ठेवा. बास.

फोडणी आत करणं

यावर घरात भांडणं होतात, तरी लिहितो. छोट्या कॅम्परच्या चुलीवरच्या पंख्याला बाहेरून एक झडप असते आणि प्रवासात ती फडफडू नये म्हणून तिला दोन छोट्या कड्या असतात. त्या कड्या उघडायच्या असतात हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. पंखा घरघरत राहतो, धूर फिरून आतच. मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि तळणीचा वास गाद्यांच्या कापडात, पडद्यांत, छताच्या अस्तरात जाऊन बसतो आणि सप्टेंबरपर्यंत हलत नाही. फोडणी आणि तळण बाहेरच्या शेगडीवर, आत फक्त चहा आणि गरम करणं, हा आमचा कायदा आहे. पाहुण्यांनाही लागू.

हळदीचा डाग पडलाच तर ब्लीचची बाटली उचलू नका. साबणाने पुसा आणि ती गादी किंवा चॉपिंग बोर्ड उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हाने उडतो, आपल्या आज्या वाळवणाच्या फडक्यांचं तेच करायच्या.

फ्रीज बंद करून दार लावणं

बंद करा, बर्फ वितळू द्या, पुसून कोरडा करा आणि दार उघडं अडकवून ठेवा. बहुतेक फ्रीजना त्यासाठी खास कडी असते. नसेल तर फटीत घडी केलेला टॉवेल. दार लावलेला ओला फ्रीज दहा दिवसांत हिरवा-काळा होतो आणि त्यात अर्धी वाटी श्रीखंड राहिलं असेल तर तुमचं दैव.

पाणी टाकीत ठेवून विसरणं

ताज्या पाण्याची टाकी परत आल्यावर रिकामी करायची, खालचे ड्रेन उघडून. हंगामाच्या सुरुवातीला आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली असेल तेव्हा निर्जंतुक करायची. बिनवासाचं साधं घरगुती ब्लीच, दर १५ गॅलन क्षमतेला पाव कप. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळा आणि मग टाकीत. टाकी भरा, प्रत्येक नळ, गरम आणि थंड दोन्ही, ब्लीचचा वास येईपर्यंत सोडा, शॉवर विसरू नका. किमान चार तास, जमलं तर रात्रभर. मग वास जाईपर्यंत धुवा. ‘थोडं जास्त घातलं की जास्त स्वच्छ’ हा तर्क इथे चालत नाही, सील खराब होतात. घाईवाले व्हिनेगरही त्याच वेळी ओततात. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू होतो, तोही बंद डब्यात. तेव्हा एका दिवशी एकच.

वॉटर हीटर गरम असताना त्याचं पाणी सोडायचा प्लग काढू नका. बंद करून काही तास थांबा, वरचा प्रेशर व्हॉल्व्ह उघडून दाब जाऊ द्या, मग हात लावा. सबर्बन कंपनीच्या हीटरची टाकी स्टीलची असते आणि गंजायचं ते तिच्याऐवजी आतला ॲनोड रॉड गंजतो. पाणी काढताना तोच बाहेर येतो, त्याला १ १/१६ इंची सॉकेट लागतं. पाऊण भाग झिजला असेल तर नवा घाला. आणि रिकाम्या हीटरचं विजेचं बटण चालू केलंत तर एलिमेंट काही मिनिटांत जळतं. हे काम सहसा ‘मी सगळं सेट करतो, तू चहा टाक’ म्हणणारे करतात.

समुद्रावरून आल्यावर आधी ओलं फडकं फिरवणं

असाटीगला, म्हणजे रानघोड्यांच्या त्या बेटावर, गेलेले सगळे घोड्यांचे फोटो दाखवतात, वाळूचं कोणी बोलत नाही. ओल्या फडक्याने वाळू लिनोलियमवर घासली जाते आणि उरलेली शॉवरच्या ड्रेनमधून ग्रे टँकेत जाते. आधी ब्रश, मग व्हॅक्यूम, दाराच्या पट्टीतली वाळू जुन्या टूथब्रशने, आणि सगळ्यात शेवटी ओलं फडकं. खालचा सांगाडा, ॲक्सल, गाडीला जोडायचा कपलर गोड्या पाण्याने त्याच दिवशी धुवा. खारं वारं तुमच्या रविवारी दुपारच्या झोपेसाठी थांबत नाही.

बाकीच्या चुका, पटापट

ओली ऑनिंग (दाराबाहेरचं कापडी छत) गुंडाळून आणली असेल तर घरी आल्यावर उघडून वाळवा, पाऊस असेल तर दुसऱ्या दिवशी.

गादी उचलून खालची फळी बघा. माणसांच्या श्वासाची वाफ तिथेच पाणी होऊन बसते.

सगळे दिवे बंद केले म्हणून बॅटरी सुरक्षित नसते, गॅस डिटेक्टर सतत थोडी वीज पीत असतो. डिस्कनेक्ट स्विच फिरवा. साधी लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या खाली जाऊ दिलीत तर तिचं आयुष्य तुम्ही खाल्लंत. त्या डिटेक्टरलाही मुदत असते, तारीख बघा.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. हीटर आणि फर्नेसच्या बाहेरच्या जाळ्या तपासा, कुंभारमाशा तिथे मातीची घरं बांधतात.

टायरची नक्षी बघून खूश होऊ नका, वय बघा. टायरच्या बाजूला छापलेल्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

सामान घरी परत नेणं

स्वयंपाकाचं सामान घर ते कॅम्पर, कॅम्पर ते घर असं फिरवणारे लोक प्रत्येक ट्रिपला काहीतरी विसरतात. त्यांच्याकडे मिठाचे तीन पुडे असतात आणि लायटर एकही नसतो. कॅम्परचा मिसळणाचा डबा वेगळा, सांडशी वेगळी, चहाची गाळणी वेगळी, कुकरची जादा रिंग वेगळी. ही भांडी घराचा उंबरा ओलांडत नाहीत.

ॲपमधल्या चेकलिस्टा मला पटत नाहीत. जंगलात रेंज नसते आणि हात ओले असतात. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. वस्तू संपली त्या क्षणी, तिथेच, जो संपवेल त्याने लिहायचं. घरी आल्यावर तो कागद फाडून पटेलच्या भारतीय किराणा दुकानात किंवा जिथे जाता तिथे घेऊन जायचा आणि आणलेलं सामान त्याच दिवशी जागेवर. ‘जाताना वाटेत घेऊ’ म्हणणाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात रात्री नऊला जिरं शोधून दाखवावं.

मात्र पोहे, रवा, चिवडा, डाळी पाकिटातून राहू द्यायच्या नाहीत, घट्ट झाकणाच्या डब्यांतच हव्यात. हिवाळ्यात तर काहीच खायचं ठेवू नका, मेटकूटसुद्धा नाही. उंदराला बोटाएवढी फट पुरते, आणि विजेची जाड केबल आत शिरते ती जागा म्हणजे त्याचा सदर दरवाजा. तिथे तांब्याची जाळी ठासून भरा. गोठण्याआधी पाणी काढून पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारा द्रव) भरायचं, तेच गुलाबी, गाडीच्या इंजिनाचं हिरवं नव्हे.

बाहेरून एक फेरी न मारणं

आमच्या भागात ही चूक फक्त तुमची राहत नाही. स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा झाडांचा रस शोषणारा उपद्रवी किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीत, २०१४ साली, आणि पसरला तो आपल्यासारख्यांच्या गाड्यांवर बसून. सप्टेंबरपासून थंडी पडेपर्यंत तो अंडी घालतो, झाडावरच असं नाही, ट्रेलरच्या खालच्या पत्र्यावर, चाकाच्या आतल्या बाजूला, ट्रेलर समतल करायला चाकाखाली ठेवतो त्या ठोकळ्यांवरसुद्धा. दिसायला वाळलेल्या राखाडी चिखलाचा फराटा, म्हणून सगळे चिखल समजून सोडून देतात. एकेका फराट्यात तीस ते पन्नास अंडी. जुन्या क्रेडिट कार्डने खरवडून रबिंग अल्कोहोल घातलेल्या पिशवीत टाकायची, नुसती जमिनीवर पाडून उपयोग नाही. ही फेरी घरी पोचल्यावर नाही, कॅम्पसाइट सोडण्याआधी मारायची, आणि उरलेली शेकोटीची लाकडंही, त्यांवरही अंडी असू शकतात म्हणून, तिथेच शेजारच्यांना देऊन यायचं.